खोलीचे आकडे का चुकतात?
मच्छीमार बोटींवरील यंत्रे आणि धरणांचे नकाशे

राजीवड्याला माझ्या भाच्याची एक बोट आहे. तिच्यात माझा चार आणे हिस्सा असल्याने कापडाच्या दुकानात बसूनही समुद्राची फिकीर मला करावी लागते. एका मोसमाच्या सुरुवातीला, पावसाळी बंदी उठून थोडेच दिवस झाले असताना, ही बोट पहाटे परत येताना भाट्याच्या खाडीच्या तोंडावर रेतीत बसली. रत्नागिरीकरांना हे तोंड ठाऊक आहे. काजळी नदी जेथे समुद्राला मिळते तेथे गाळ आणि रेती साचते, आणि ओहोटीला बोट आत घ्यायची की बाहेर थांबायचे हा तेथील तांडेलांचा रोजचा प्रश्न आहे. भरतीच्या पाण्याने दोन तासांत बोट सुटली. अल्लाहचा शुक्र की कोणाला इजा झाली नाही. पण पंखा वाकला, माल नरम पडला आणि चार दिवस धंदा बुडाला.

भाच्याचे म्हणणे एकच होते, "मामू, मशीनवर सहा फूट दिसत होते. सहा फुटांत आपली बोट कधी लागली आहे काय?"

मशीन नवे होते. बंदीच्या दोन महिन्यांत जुने काढून हे बसवले होते. ज्याने विकले त्या दुकानदाराने बोट न पाहताच फोनवर निकाल दिला की पाण्याखालचा ट्रान्सड्यूसर गेला आहे, नवा घ्यावा लागेल. भाचा पैसे मोजायला तयार झाला होता. मला मात्र ते पटेना. कापडाच्या धंद्यात तागा कमी भरल्याची तकरार आली की आम्ही गिरणीला दोष देण्याआधी मोजणाऱ्याने पट्टी कोठून धरली ते पाहतो. तोच प्रयोग येथे करावा असे ठरले. बोट धक्क्याला शांत पाण्यात उभी असताना शिशाचा गोळा बांधलेली दोरी सोडली. पाण्याच्या पातळीपासून तळापर्यंत दोरी अकरा फूट भरली. मशीनवर पाहिले, तेथेही अकरा फूट.

म्हणजे मशीन खरे बोलत होते. आपणच त्याची जबान समजलो नव्हतो. जुने मशीन ट्रान्सड्यूसरच्या तोंडापासून खालची खोली दाखवत असे. तो तुकडा आमच्या बोटीत पाण्याच्या पातळीखाली तीन फुटांवर आहे आणि बोटीचा सर्वांत खालचा भाग त्याच्याही खाली दीड फूट. जुन्या मशीनवर सहा फूट दिसले की बोटीखाली साडेचार फूट पाणी शिल्लक असे, आणि तांडेलचा वीस वर्षांचा अंदाज त्या आकड्यावर बसलेला होता. नवे मशीन बसवणाऱ्या मुलाने पाण्याच्या पातळीपासूनची खोली दिसेल अशी मांडणी केली. त्याच्या हिशेबाने तेच बरोबर होते. पण आता सहा फूट दिसले तेव्हा बोटीखाली फक्त दीड फूट पाणी होते, आणि लाट खाली बसली तेव्हा तेही राहिले नाही. बसवणाऱ्याने सांगितले नाही, तांडेलने विचारले नाही.

यानंतर मी या विषयाची बरीच चौकशी केली, मशीनची पुस्तके वाचली, बसवणारे कारागीर आणि तांडेल यांच्याशी बोललो. आपल्या समाजातील अनेक कुटुंबे रत्नागिरी, हर्णै, दाभोळ, जयगड या बंदरांवर या धंद्यात आहेत, आणि ही यंत्रे बसवणारी, दुरुस्त करणारी मुलेही आपल्यात आहेत. म्हणून जे समजले ते येथे लिहीत आहे.

यंत्र मोजते ते वेळ

सर्वप्रथम ही गोष्ट ध्यानात घ्यावी की हे यंत्र खोली मोजत नाही. बोटीच्या तळाला बसवलेला ट्रान्सड्यूसर पाण्यात आवाजाचा ठोका सोडतो, जो आपल्या कानाला ऐकू येत नाही. तो ठोका तळावर आदळून परत येतो. जाण्यायेण्यास किती वेळ लागला एवढेच यंत्राला कळते. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १,५०० मीटर जातो, या हिशेबाने ते वेळेची खोली बनवते. पंधरा मीटर पाण्यात जाऊन येऊन तीस मीटरचा प्रवास होतो आणि त्याला सेकंदाचा पन्नासावा भाग लागतो. यंत्राचे घड्याळ सहसा चुकत नाही. चूक होते ती घड्याळाच्या अलीकडे किंवा पलीकडे: कोणता आवाज परत आला, कोठून मोजला, कोणत्या मापात सांगितला आणि आपण तो कशाशी ताडून पाहिला.

म्हणून आकडा चुकतो असे वाटले की प्रथम चुकीची जात ओळखावी. यासाठी दोरीपेक्षा चांगले हत्यार नाही. शिशाचा वजनदार गोळा, न ताणणारी दोरी, आणि ओली करून मोजून घातलेल्या खुणा. अरबीत बाअ म्हणजे पसरलेल्या दोन हातांची लांबी. आपल्या किनाऱ्यावरचा वाव हाही तोच, सुमारे सहा फूट, आणि इंग्रजी फॅदमही तेवढाच. पंधराव्या शतकात हिंदी महासागराच्या वाटांवर किताब लिहिणाऱ्या इब्न माजिदच्या काळातही खोली दोरीनेच पाहिली जात असे. गोळ्याच्या बुडाला चरबी किंवा साबण लावला तर तळाची रेती की चिखल तेही चिकटून वर येते.

बोट थांबवून, वारा आणि प्रवाह कमी असताना, एकदा उथळ आणि एकदा खोल पाण्यात दोरी आणि यंत्र ताडून पाहावे. दोन्ही ठिकाणी फरक तेवढाच निघाला, समजा दोन्हीकडे तीन फूट, तर दोष मोजणीच्या सुरुवातीचा आहे, जसा आमच्या बोटीत होता. यंत्रात ही सुरुवात बदलण्याची सोय असते. पण येथे एक घोटाळा आहे. पाण्याच्या पातळीपासून मोजायचे असेल तर अधिक आकडा घालायचा आणि बोटीच्या तळापासून मोजायचे तर उणे, अशी काही कंपन्यांची रीत आहे. सगळ्यांची तशी नाही. अधिकऐवजी उणे घातले गेले तर चूक मिटण्याऐवजी दुप्पट होते. आकडा घातल्यावर पुन्हा दोरी सोडून पाहणे हाच खात्रीचा मार्ग. शिवाय बर्फ, डिझेल आणि माल भरल्यावर बोट आणखी खाली बसते. रिकाम्या बोटीवर घातलेला आकडा भरल्या बोटीला पूर्ण लागू पडत नाही, आणि परतीच्या वेळी, म्हणजे ऐन रेतीच्या पट्ट्यावर, बोट भरलेलीच असावी अशी आपली दुआ असते!

खोलीबरोबर फरकही वाढत गेला तर दोष मापाचा किंवा आवाजाच्या वेगाचा. मापाचा घोटाळा मोठा असतो आणि लवकर ध्यानात येतो. दहा वाव म्हणजे साठ फूट आणि १८.३ मीटर, तेव्हा यंत्र फुटांत आणि तांडेल वावात असेल तर कोणीही ओळखील. वेगाचा फरक मात्र बारीक. गोड्या पाण्यापेक्षा खाऱ्या पाण्यात आवाज अधिक वेगाने जातो. आपल्याकडच्या पंचवीस अंश उष्ण पाण्यात गोड्याचा वेग सेकंदाला १,४९७ मीटर आणि भर समुद्राच्या पाण्याचा सुमारे १,५३४. यंत्रात गोड्या पाण्याची खूण राहिली आणि बोट समुद्रात गेली तर चाळीस मीटरला एक मीटर कमी दिसेल. म्हणजे शेकडा अडीचचा फरक. रेतीत बोट बसवणारी चूक ही नव्हे. तरीही काही कारागीर गिऱ्हाइकाला हीच चूक मोठी करून सांगतात, कारण ती बटण दाबून दुरुस्त होते आणि मजुरी घेता येते.

उड्या मारणारे आकडे

खरी डोकेदुखी तिसऱ्या जातीची. आकडा आता बारा, आता चोवीस, मग कोरा पडदा, मग तीन. येथे ना सुरुवातीचा हिशेब चालतो ना मापाचा. येथे हुनर लागते.

बोट उभी असता आकडा स्थिर आणि चालू लागताच उड्या, असे असेल तर नव्वद टक्के दोष हवेच्या बुडबुड्यांचा समजावा (हा अंदाज माझा नव्हे, मला शिकवणाऱ्या मिस्त्रींचा). आवाज पाण्यातून जातो तसा हवेतून जात नाही. ट्रान्सड्यूसरच्या पुढे एखादी फळी वर आलेली असेल, इंजिनाचे पाणी बाहेर टाकणारे भोक असेल, किंवा तो पंख्याच्या फार जवळ असेल, तर त्याच्या तोंडाखालून बुडबुड्यांची चादर जाते. हा तुकडा असा बसवावा की बोट चालताना त्याच्यावरून साफ पाणी वाहील आणि तोंड सरळ खाली राहील.

बोट उभी आहे, पण इंजिन चालू केले की पडद्यावर पाऊस पडल्यासारखे ठिपके येतात, हा विजेचा दोष. यंत्राची तार थेट बॅटरीवरून वेगळी आणावी, दिवे आणि वायरलेसच्या तारेत जोडू नये, अल्टरनेटरच्या तारांपासून लांब न्यावी. जोडावर हिरवा थर चढला असेल तर वीज बॅटरीत पुरेशी असूनही यंत्रापर्यंत पोहोचत नाही. मोजणी बॅटरीवर करून उपयोग नाही, यंत्राच्या जोडापाशी, इंजिन सुरू करतेवेळी करावी. दोन्ही इंजिने बंद असतानाही ठिपके दिसत असतील तर शेजारी पाहावे. मासा लागला की दहा बोटी एका ठिकाणी जमतात आणि सगळ्यांची यंत्रे एकाच सुरात ओरडत असतात. त्यासाठी दुसऱ्याचा आवाज गाळण्याची सोय यंत्रात असते.

बंदीच्या काळात आणखी एक गोष्ट होते. बोट वर ओढली जाते, रंगारी तळाला रंग मारतो, आणि ट्रान्सड्यूसरलाही तोच जाड रंग बिनदिक्कत फासतो. त्याची काही चूक नाही, त्याला कोणी सांगितलेले नसते. त्या रंगाचा जाड थर आणि त्यातली हवा आवाज अडवते. मग यंत्र तळ शोधण्यासाठी धडपडते आणि खोल पाण्यात हरवते. या तुकड्यासाठी पाण्यावर आधारलेला वेगळा पातळ रंग मिळतो, तो एकच हात द्यावा. काही रंगांतील द्रव्ये त्याचे प्लास्टिकचे तोंड खातात. रंग न देता सोडले तर शेवाळ आणि शिंपल्यांचा थर बसतो. तो साबणाच्या पाण्याने आणि लाकडी पट्टीने काढावा, पत्र्याने खरवडू नये. आपल्या रंगारी भावांना ही गोष्ट बोटमालकाने आधीच सांगितली पाहिजे.

फायबरच्या बोटी वाढल्यापासून ट्रान्सड्यूसर आतूनच तळाला चिकटवण्याची सोपी रीत आली आहे. भोक पाडावे लागत नाही म्हणून मालक खूश. भरीव फायबरमधून आवाज जातो, पण थोडी ताकद गमावतो. दोन थरांमध्ये फोम किंवा लाकूड असेल तर जात नाही, आणि चिकटवताना हवेचा एक फुगा राहिला तरी काम बिघडते. लाकडी बोटीत तर ही रीत चालतच नाही. असे असूनही लाकडी मचव्याला आतून चिकटवून पैसे घेतलेले मी पाहिले आहे. सूरह मुतफ्फिफीनचे नाव मापात कमी देणाऱ्यांवरून पडले आहे. हा प्रकारही त्याच हिशेबात धरावा की नाही हे आलिम लोकांनी सांगावे.

आता पडद्यावर बरोबर दुप्पट खोली का दिसते? उथळ पाण्यात, विशेषतः कठीण तळावर, ठोका तळाला लागून वर येतो, पाण्याच्या पृष्ठभागावर आदळून पुन्हा खाली जातो आणि दुसऱ्यांदा परततो. यंत्राची संवेदना फार वाढवून ठेवली असेल तर कधी ते हा दुसरा आवाजच तळ समजून बसते. बारा फुटांचे चोवीस होतात. हा सर्वांत धोकादायक घोटाळा, कारण तो पाणी जास्त दाखवतो. संवेदना कमी करावी आणि खोलीची मर्यादा हाताने ठरवून द्यावी. जाणते तांडेल मात्र हा दुसरा तळ मुद्दाम पाहतात. तो ठळक असेल तर खाली खडक किंवा घट्ट रेती, फिका असेल तर चिखल, आणि जाळे कोठे टाकायचे ते त्यावरून ठरते.

चिखलाचे तर वेगळेच. खाडीच्या तोंडावर तळ म्हणजे फरशी नव्हे, वर पातळ राड, खाली घट्ट गाळ. दोन सुरांचे यंत्र असेल तर २०० किलोहर्ट्झचा बारीक आवाज राडेच्या वरच्या थरावरून परततो, ५० किलोहर्ट्झचा जाड आवाज आत शिरून खालचा थर दाखवू शकतो, आणि शिशाचा गोळा आपल्या वजनाने कोठेतरी मध्ये रुततो. तिन्ही आकडे वेगळे आणि तिन्ही आपापल्या जागी खरे. बोट नेणाऱ्याने वरचा आकडा धरावा. पातळ राडेतून बोट जाईलही, पण इंजिन थंड ठेवणारे पाणी त्याच राडेतून ओढले जाते.

नकाशा कोणत्या दिवसाचे पाणी दाखवतो?

यंत्र ठीक आहे, दोरीशी जुळते, पण नकाशाशी जुळत नाही, अशीही तकरार असते. येथे पुष्कळ लोक नकाशाला शिव्या देतात. समुद्राच्या नकाशावरचा आकडा आजच्या पाण्याचा नसतो. तो अगदी मोठ्या ओहोटीच्या, म्हणजे सहसा याहून खाली पाणी जात नाही अशा पातळीपासून लिहिलेला असतो. त्यात त्या वेळच्या भरतीची उंची मिळवावी लागते. नकाशावर दोन मीटर आणि भरतीच्या कोष्टकात त्या वेळी १.४ मीटर असेल तर यंत्राने पाण्याच्या पातळीपासून ३.४ दाखवले पाहिजे. पावसाळ्यात वर्तमानपत्रांत मुंबईला साडेचार मीटरहून मोठी भरती येणार अशा बातम्या येतात, तो आकडाही याच खालच्या पातळीपासूनचा. आपल्या देशाचे सागरी नकाशे डेहराडूनचे राष्ट्रीय जलालेखन कार्यालय काढते आणि भरतीची कोष्टके भारतीय सर्वेक्षण विभाग.

भरतीचे पाणी सहा तासांत सारख्या गतीने चढत नाही. ढोबळ हिशेब असा की पहिल्या तासात एकूण चढाचा बारावा हिस्सा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन तीन, पाचव्यात दोन आणि शेवटच्यात पुन्हा एक. दोन मीटर चढायचे असेल तर पहिल्या तासात वीतभरही नाही, पण तिसऱ्या तासात अर्धा मीटर. रेतीपट्ट्याबाहेर थांबलेल्या तांडेलला एक तास धीर धरल्याने किती पाणी मिळते ते यावरून कळते. उधाण आणि भांग ओळखायला आपल्याला वेगळे पंचांग नको. चांदाची पहिली-दुसरी आणि पंधरावी-सोळावी या सुमारास उधाण, आठवी-नववी आणि बाविसावी-तेविसावीच्या सुमारास भांग. नदीला पूर असेल किंवा वारा किनाऱ्याकडे जोराचा असेल तर कोष्टकही चुकते.

जुन्या नकाशाची प्रत कोणाच्या घरात असेल तर तिच्यावरचे बारीक अक्षर आधी वाचावे. मोठ्या ३ च्या पायाशी लहान २ असेल तर मीटरच्या नकाशावर त्याचा अर्थ ३.२ मीटर. फॅदमच्या नकाशावर तेच चिन्ह तीन फॅदम दोन फूट, म्हणजे वीस फूट, सहा मीटरहून थोडे जास्त. एकाच खुणेत जवळजवळ दुपटीचा फरक! आकड्याखाली रेघ असेल तर ती खोली नव्हे, ओहोटीला उघडा पडणाऱ्या जागेची उंची. त्याशिवाय जुने नकाशे ज्या मोजणीवर काढले ती आणि आजच्या जीपीएसची मोजणी वेगळी आहे. जीपीएसचा ठिकाणा जसाच्या तसा जुन्या कागदावर मांडला तर बोट दुसऱ्याच जागी पडते. खोली मग चुकणारच.

मोबाइल आणि यंत्रातील नकाशे चकचकीत दिसतात. पण आपल्या लहान खाड्यांमध्ये मोजणी वर्षानुवर्षे झालेली नसते आणि रेतीचा पट्टा दर पावसाळ्यात जागा बदलतो. पडद्यावर निळा रंग एकसारखा भरलेला असतो म्हणून तेथे कोणी प्रत्यक्ष मोजले असे समजू नये. दोन मोजलेल्या रेघांमधली जागा हिशेबाने भरलेली असते. भाट्याच्या तोंडावर माझा विश्वास नकाशापेक्षा आदल्या दिवशी आत आलेल्या बोटीवर जास्त आहे.

खोलीचा प्रश्न जाळ्यापुरता आणि पंख्यापुरताही नाही. महाराष्ट्राच्या १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन कायद्याखाली यांत्रिक बोटींच्या मासेमारीवर ज्या मर्यादा आल्या त्यांत पाण्याची खोली हेही एक माप आहे. आपले यंत्र तीन फूट इकडेतिकडे दाखवत असेल तर सीमेवर वाद होताना आपला आकडा कोण मानणार?

उजनी आणि नाथसागर

धरणांच्या पाण्यात भरती-ओहोटी नाही, तेव्हा नकाशा सोपा असेल असे वाटते. वस्तुतः तेथे फरक समुद्राहून मोठा आहे. समुद्राचे पाणी सहा तासांत चढते-उतरते, धरणाचे वर्षातून एकदा. भीमेवरील उजनीची पूर्ण भरल्याची पातळी समुद्रसपाटीपासून ४९६.८३ मीटर आहे आणि ज्याखाली उपयुक्त साठा संपतो ती पातळी ४९१.०३ मीटर. दोन्हींत ५.८ मीटरचा फरक. तलावाचा नकाशा बहुधा पूर्ण भरलेल्या पातळीपासून खोली दाखवतो. त्यावर आठ मीटर लिहिलेल्या ठिकाणी, ज्या दिवशी पातळी ४९२.३३ असेल त्या दिवशी साडेतीन मीटरच पाणी सापडेल. इंदापूर, भिगवण, करमाळा भागातील मच्छीमारांना उन्हाळ्यात उजनी वजा टक्क्यांत गेल्याच्या बातम्या नवीन नाहीत. २०२४ च्या उन्हाळ्यात ती वजा पन्नासच्याही खाली गेली होती. अशा वेळी पळसदेवचे जुने मंदिर पाण्याबाहेर येते. पाणी वर असताना तेच शिखर, जुन्या गावांच्या भिंती आणि झाडांचे बुंधे पाण्याखाली जाळ्याची वाट पाहत असतात, आणि यंत्र एका क्षणासाठी अचानक उथळ आकडा दाखवते तो कित्येकदा यांचाच असतो. त्याला मशीनची चूक समजू नये.

धरणाची रोजची पातळी जलसंपदा विभाग जाहीर करतो. नकाशा कोणत्या पातळीवर काढला ते नकाशावर लिहिलेले असले पाहिजे, आणि लिहिलेले नसेल तर त्या नकाशाचे मोल कमी धरावे. येथेही मापाचा सापळा आहे. पैठणच्या नाथसागराची पूर्ण पातळी लोक १,५२२ फूट अशी सांगतात, कागदांत ती ४६३.९०६ मीटर असते. गोष्ट एकच आहे, पण आजची पातळी एका मापात आणि नकाशा दुसऱ्या मापात असला तर वजाबाकी करताना भले भले चुकतात.

मग गाळ आहे. नाथसागर १९७६ चा, उजनी १९८० ची. इतक्या वर्षांत नदी जेथे तलावात शिरते त्या भागात गाळ बसून तळ वर आला आहे. तेथे जुन्या नकाशापेक्षा पाणी कमीच भरेल. नाशिकची महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था धरणांतील गाळाचे सर्वेक्षण करते, पण ते साठ्याच्या हिशेबासाठी असते, होडीवाल्यासाठी नव्हे.

नदीचे जुने पात्र हा तलावातला सर्वांत खोल भाग, आणि मोठा मासा उन्हाळ्यात तेथेच आसरा घेतो. पण यंत्र हे पात्र बऱ्याचदा हुकवते. आवाज सरळ दोरीसारखा जात नाही, कंदिलाच्या उजेडासारखा पसरत जातो. बारीक सुराचा आवाज साधारण वीस अंशांत पसरला तर दहा मीटर खोलीवर साडेतीन मीटर रुंद जागा व्यापतो, जाड सुराचा त्याच खोलीवर आठ मीटरहून अधिक. त्या वर्तुळातला सर्वांत जवळचा, म्हणजे उंच भाग आधी उत्तर देतो. अरुंद पात्राच्या काठावरूनच उत्तर आले की यंत्र काठाची खोली सांगते. उतारावरही तसेच. म्हणून पात्र शोधताना बारीक सूर लावावा आणि पात्राला आडवे, सावकाश जावे.

नव्या यंत्रांत स्वतःचा नकाशा बनवण्याची सोय आली आहे. बोट फिरत राहते आणि खोली नोंदली जाते. फार कामाची चीज आहे, पण नोंद करताना त्या दिवसाची पातळी यंत्रात घातली नाही तर सप्टेंबरच्या फेऱ्या आणि एप्रिलच्या फेऱ्या एकाच नकाशात मिसळतात, आणि तळावर प्रत्यक्षात नसलेल्या पायऱ्या उभ्या राहतात. खाडीत तर एकाच दिवसात सकाळ-संध्याकाळचे असे होते.

आमच्या बोटीवर आता यंत्राशेजारी पत्र्याची एक पट्टी लावली आहे. तिच्यावर रंगाने लिहिले आहे: खोली पाण्याच्या पातळीपासून, फुटांत, बोट रिकामी साडेचार, भरलेली साडेपाच. खाली दोरीने तपासल्याची तारीख. तांडेलला अजूनही जुन्याच रीतीची सवय आहे, तो पडद्यावरचा आकडा पाहून मनातल्या मनात तीन वजा करतो. भाच्याने त्याला सांगितले की यंत्रच तसे लावून देतो. तो म्हणाला, "राहू दे, आता हिशेब बसला आहे." नवा ट्रान्सड्यूसर घ्यावा लागला नाही. पंखा मात्र बदलला.